लेट्यूसच्या शेतातील नत्राचा ताळेबंद : प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर

प्रकल्पासाठी निवडलेल्या ०.४ हेक्टर शेताची आज आखणी केली. माती मध्यम पोताची, पोयट्याची असून निचरा बरा आहे. गादीवाफ्यांवर आइसबर्ग गटातील लेट्यूसची रोपे लावायची असून रोपे रुजेपर्यंत तुषार आणि त्यानंतर ठिबक अशी पाण्याची व्यवस्था राहील.

आजवर आम्ही नत्राचे (नायट्रोजनचे) तीन हप्ते तारखेप्रमाणे देत आलो: लागवडीच्या वेळी हेक्टरी ४० किलो, तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ६० आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीस पुन्हा ६०, म्हणजे एकूण १६० किलो. हे आकडे मूळ कोणत्या आधारावर ठरले, हे पाहण्यासाठी जुन्या नोंदवह्या काढल्या, तेव्हा प्रत्येक वर्षी ते मागल्या पानावरून जसेच्या तसे उतरवलेले आढळले. एखाद्या शेताच्या मातीत त्या दिवशी किती नत्र आहे, याची नोंद एकाही पानावर नाही.

शेतात चार ठिकाणी एकाच मांडणीची पुनरावृत्ती घेतली असून प्रत्येकीत तीन पट्टे आहेत. पहिल्याला नेहमीच्या तारखांनी खत मिळेल, दुसऱ्याला लागवडीच्या वेळी २० किलो नत्र देऊन पुढचा प्रत्येक हप्ता मातीतील नायट्रेट (पाण्यात विरघळणारे, मुळांना घेता येणारे नत्राचे रूप) मोजूनच ठरवला जाईल, आणि तिसऱ्या अरुंद पट्ट्याला खताचे नत्र अजिबात मिळणार नाही. नोंदींत त्यांना अनुक्रमे वेळापत्रकाचे, मोजणीचे आणि कोरे पट्टे म्हटले आहे. कोऱ्या पट्ट्यांना सहकाऱ्यांचा विरोध होता, कारण तेवढा माल हलका निघणार हे उघड आहे. परंतु माती आणि बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने शेतात मागे ठेवलेले, स्वतःहून किती नत्र देतात हे दाखवणारा दुसरा सोपा मार्ग नाही.

१९ सप्टेंबर

लागवडीपूर्वीचे मातीचे नमुने घेतले. या शेतात आधी ब्रोकोली होती आणि तिचे अवशेष ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गाडले आहेत. हे बेवड साधे नाही. ब्रोकोलीचा विकला जाणारा गड्डा हा झाडाचा लहानसा भाग असतो. पाने आणि खोडे शेतातच राहतात आणि त्यांत हेक्टरी १०० किलोंहून अधिक नत्र असू शकते. हिरवे, नत्राने भरलेले आणि कर्बाचे प्रमाण कमी असलेले हे अवशेष उबदार, ओलसर मातीत काही आठवड्यांतच कुजतात आणि त्यांतील नत्राचा मोठा भाग नायट्रेटच्या रूपात मोकळा होतो. म्हणजे लेट्यूसचे रोप शेतात येण्याआधीच त्याच्यासाठी वरखत पडलेले असते. फक्त ते पोत्यातून आलेले नसल्यामुळे कोणी मोजत नाही.

नमुना घेण्याची पद्धत येथे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. प्रत्येक पट्ट्यात किमान पंधरा ठिकाणी गिरमिटाने ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढावी, वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा कोरडा थर बाजूला सारावा आणि खत पडलेली ओळ टाळावी. बाष्पीभवनाबरोबर नायट्रेट वर चढून पृष्ठभागावर आणि वाफ्याच्या खांद्यांवर साचते, त्यामुळे वरचा थर नमुन्यात आला तर मुळांच्या वाट्याला नसलेले नत्रही हिशेबात येते. माती बादलीत नीट मिसळल्यावर खुणा केलेल्या नळीत ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडचे ३० मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि पातळी ४० मिलिलिटरवर येईपर्यंत ओली माती टाकावी. ढेकळे पूर्ण फुटेपर्यंत नळी हलवावी, वर नितळ पाणी दिसेपर्यंत थांबावे आणि मग त्या पाण्यात नायट्रेटची चाचणी-पट्टी बुडवून एका मिनिटानंतर सावलीत रंग वाचावा. आमच्यासारख्या पोयट्याच्या ओल्या मातीत पट्टीवरील आकड्याला २ ने भागले की कोरड्या मातीतील नायट्रेट-नत्र (नायट्रेटमधील नुसते नत्र) पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग या मापात, मिळते. वाळूत हा भाजक २.३ आणि चिकणमातीत १.७ धरतात. प्रयोगशाळेइतकी अचूकता यात नाही, पण सकाळी नमुना घेऊन दुपारी निर्णय करता येतो.

वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये सरासरी १८ पीपीएम आणि ३० ते ६० सेंटिमीटरच्या थरात ११ पीपीएम नत्र आढळले. मातीची घनता घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरली तर ३० सेंटिमीटरच्या थरात १ पीपीएम म्हणजे हेक्टरी जवळपास ४ किलो. त्या हिशेबाने वरच्या थरात आजच ७२ किलो नत्र आहे.

२६ सप्टेंबर

लागवड पूर्ण झाली. वेळापत्रकाच्या पट्ट्यांना ४० आणि मोजणीच्या पट्ट्यांना २० किलो नत्र दिले.

विहिरीच्या पाण्यालाही चाचणी-पट्टी लावून पाहिली आणि ती लिटरला ६० मिलिग्रॅम नायट्रेट दाखवते. शुद्ध नत्राच्या रूपात हे १३.५ मिलिग्रॅम होते, कारण नायट्रेटमधील नत्र काढण्यासाठी ४.४३ ने भागावे लागते. एक हेक्टरवर १० मिलिमीटर पाणी दिले की त्याबरोबर सुमारे १.३५ किलो नत्र जाते. ठिबकचे १५० मिलिमीटर पाणी धरले तर हंगामात २० किलो. मात्र पिकाने उचललेल्या पाण्यातील नत्रच जमेच्या बाजूस धरता येते. मुळांखाली झिरपलेले पाणी आपले नत्र तर घेऊन जातेच, शिवाय मातीतलेही ओढून नेते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट ही आहे आणि ती तान्ह्या मुलांच्या रक्तावर होणाऱ्या परिणामावरून ठरलेली आहे. विहिरीवर पिण्यास मनाई असल्याची पाटी लावण्यास सांगितले. हे नायट्रेट विहिरीत कोठून आले असावे, याचा अंदाज बांधायला फार लांब जावे लागत नाही.

४ ऑक्टोबर

रोपे धरली आहेत. नांगे भरून घेतले, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली.

या आठ दिवसांत तुषारने दिलेले पाणी मोजले तर ते गरजेपेक्षा बरेच जास्त निघाले. रोपे कोमेजतील या भीतीने दोन पाळ्या लांबल्या आणि अंदाजे २५ मिलिमीटर पाणी मुळांखाली गेले असावे. नायट्रेटवर ऋणभार असतो, मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋणभारच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही आणि ते पाण्याबरोबर चालते. वाफसा स्थितीत, म्हणजे जादा पाणी निथळून गेल्यावर, अशी माती आकारमानाच्या सुमारे चौथा हिस्सा पाणी धरते. म्हणजे २५ मिलिमीटर जादा पाण्याने नायट्रेट साधारण १० सेंटिमीटर खाली सरकते. लेट्यूसची मुळे मुख्यतः वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच असतात आणि आज तर ती ट्रेमधल्या मातीच्या गोळ्याबाहेर नुकती डोकावत आहेत. खताच्या मात्रेवर चर्चा करायला आम्ही दोन बैठका घेतल्या, पाण्याच्या पाळीवर एकही नाही.

१५ ऑक्टोबर

लागवडीला एकोणीस दिवस झाले. वेळापत्रकानुसार आज ६० किलोंचा हप्ता आहे, त्यामुळे सर्व पट्ट्यांची माती सकाळी तपासली.

आधारासाठी २० पीपीएम ही सीमा घेतली आहे. खत देण्याआधी मातीतील नायट्रेट पाहण्याची ही चाचणी मूळ मक्यासाठी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य भागात पुढे आली आणि नंतर कॅलिफोर्नियातील लेट्यूसच्या शेतांवर पारखली गेली. वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये २० पीपीएमपेक्षा जास्त नायट्रेट-नत्र असेल तर त्या वेळचा हप्ता थांबवता येतो, असे तिचे सार आहे. सीमेमागचा हिशेब सरळ आहे: २० पीपीएम म्हणजे हेक्टरी ८० किलो, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पीक त्यापेक्षा बरेच कमी उचलते.

दुपारी एक चूक उघडकीस आली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मोजणीच्या पट्ट्यांत चाचणी-पट्टीचा रंग ५० च्या खुणेशी जुळला. मी तो आकडा २ ने भागून २५ केला आणि पट्टी नायट्रेट दाखवते, नत्र नव्हे, हे आठवून पुन्हा ४.४३ ने भागला. उत्तर साडेपाच पीपीएम आले. नत्र अगदीच कमी आहे म्हणून हप्ता देण्याचे सांगून मी खताची टाकी भरायलाही लावली. वास्तविक २ या भाजकातच नायट्रेटचे नत्रात रूपांतर आणि द्रावणात झालेली पातळणी या दोन्ही गोष्टी धरलेल्या आहेत, ४.४३ चा भाजक पाण्याच्या तपासणीसाठी वेगळा आहे. कोऱ्या पट्ट्यांतही नत्र इतके कमी दिसणे ब्रोकोलीच्या बेवडाशी जुळत नाही, अशी शंका एका सहकाऱ्याने काढली, म्हणून आकडेमोड पुन्हा केली. यापुढे चाचणीच्या कागदावर माती आणि पाणी यांचे रकाने वेगळे असतील आणि भाजक आधीच छापलेला असेल.

दुरुस्त वाचन असे: मोजणीच्या पट्ट्यांत २५, वेळापत्रकाच्या पट्ट्यांत २८ आणि कोऱ्या पट्ट्यांत २० पीपीएम. मोजणीच्या पट्ट्यांचा हप्ता थांबवला. वेळापत्रकाच्या पट्ट्यांना युरियातून ६० किलो नत्र दिले.

२१ ऑक्टोबर

तिन्ही प्रकारच्या पट्ट्यांतून काही रोपे मुळापासून कापून तोलली. पीक अजून थाळीएवढे पसरलेलेही नाही. वाळलेल्या वजनावरून अंदाज केला तर पंचवीस दिवसांत पिकाने हेक्टरी फार तर १५ किलो नत्र उचलले आहे. लेट्यूसचे हे वागणे वेळापत्रकाच्या मुळावर येणारे आहे: पहिला निम्मा काळ ते जवळपास काहीच खात नाही, आणि एकूण १२० ते १४० किलोंपैकी बहुतांश नत्र शेवटच्या तीन-चार आठवड्यांत, दिवसाला ४ किलोंच्या आसपास गतीने घेते. वेळापत्रकाच्या पट्ट्यांत मात्र आतापर्यंत १०० किलो खत जाऊन पडले आहे.

रंगात पट्ट्यापट्ट्यांत फरक दिसत नाही. तरीही मोजणीच्या पट्ट्यांकडे बघताना चैन पडत नाही, हे लिहून ठेवावेसे वाटते. लेट्यूसची प्रतवारी डोळ्यांनी होते. फिकट पान दिसले की गड्डा बाजूला पडतो. त्यामुळे खताचा एक जादा हप्ता हा विम्याच्या हप्त्यासारखा वाटतो आणि तो चुकवणाऱ्यावर जबाबदारी येते, देणाऱ्यावर येत नाही.

२५ ऑक्टोबर

काल सकाळपासून आज दुपारपर्यंत ४८ मिलिमीटर पाऊस झाला. शेतात पाय ठेवता येत नाही.

२८ ऑक्टोबर

वाफसा आल्यावर दोन्ही थरांची माती तपासली. वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये वेळापत्रकाच्या पट्ट्यांत २४, मोजणीच्या पट्ट्यांत १४ आणि कोऱ्या पट्ट्यांत ११ पीपीएम नत्र राहिले आहे. खालच्या थरात, म्हणजे ३० ते ६० सेंटिमीटरमध्ये, वेळापत्रकाच्या पट्ट्यांत २७ आणि मोजणीच्या पट्ट्यांत २० पीपीएम आहे. लागवडीपूर्वी तेथे ११ होते.

पंधरा तारखेला दिलेले ६० किलो नत्र १५ पीपीएमच्या बरोबरीचे होते, म्हणजे पावसाआधी वेळापत्रकाच्या पट्ट्यांच्या वरच्या थरात ४३ च्या जवळपास असायला हवे होते. युरिया पोत्यातून निघतो तेव्हा नायट्रेट नसतो, त्यामुळे तो इतक्या लवकर वाहून जाऊ नये, असा मुद्दा चर्चेत निघाला. तो अर्धाच बरोबर आहे. उबदार मातीत युरियाचे अमोनियम व्हायला काही दिवस पुरतात आणि अमोनियमचे नायट्रेट व्हायला साधारण एक-दोन आठवडे. अमोनियमवर धनभार असल्याने माती त्याला धरते, पण पाऊस आला तोवर नऊ दिवस उलटले होते आणि बराचसा भाग नायट्रेट झालेला असणार.

मोजणीच्या पट्ट्यांचेही नत्र खाली गेले, हे नोंदवणे भाग आहे. मोजल्यामुळे पाऊस थांबत नाही. फरक एवढाच की तेथे वाहून जायला कमी होते, आणि आता जे कमी पडते आहे ते नेमके किती, हे हातात आहे.

२९ ऑक्टोबर

मोजणीच्या पट्ट्यांत २० पीपीएम गाठण्यासाठी ६ पीपीएम, म्हणजे हेक्टरी २४ किलो नत्र हवे. कॅल्शियम नायट्रेटमध्ये १५.५ टक्के नत्र असते, त्यामुळे हेक्टरी सुमारे १५५ किलो खत लागेल. युरियातून हेच नत्र ५२ किलोंत भागले असते. खालच्या थरातले नायट्रेट काही खोल मुळांना मिळेलही, पण त्यावर विसंबलो नाही. पिकाची उचल आता वेग घेणार असल्याने तयार नायट्रेट निवडले आणि ते आज ठिबकमधून दिले.

देण्याची वेळ बदलली. पूर्वी पाणी सुरू होताच व्हेंचुरी (पाण्याच्या ओघात खत ओढून घेणारे साधन) उघडली जाई आणि खत संपल्यावर दोन तास नुसते पाणी चाले, म्हणजे आपणच दिलेले नायट्रेट आपणच खाली ढकलत असू. आता पाळीचा दोन तृतीयांश वेळ होईपर्यंत साधे पाणी, नंतर खत, आणि शेवटी नळ्या धुतल्या जातील एवढेच पाणी, असा क्रम ठरवला.

३१ ऑक्टोबर

वेळापत्रकाच्या पट्ट्यांना तिसरा हप्ता, ६० किलो. मातीत २४ पीपीएम असताना तो देणे हाताला नको वाटले; परंतु तुलना करायची तर ती खरी व्हायला हवी.

३ नोव्हेंबर

मोजणीच्या एका पट्ट्यात आठ-दहा मीटर लांबीचा पिवळा ठिपका दिसला. पाणी सांभाळणाऱ्या काकांनी तो आधी पाहिला आणि ‘आता तरी खत सोडा,’ असे बजावून सांगितले. पहिला अंदाज माझाही तोच होता.

माती तपासली तर ठिपक्याबाहेर १९ आणि ठिपक्यात ९ पीपीएम. नत्र कमी होतेच, पण का, हे खोदल्यावर कळले. ठिबकच्या नळीचा एक जोड सुटून तेथे पाणी सतत गळत होते, माती राखाडी पडली होती, तिला कुजका वास होता आणि मुळांची टोके तपकिरी झाली होती. हवा नसलेल्या अशा मातीत सूक्ष्मजीव नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायुरूपात निघून जाते. मुळे गुदमरल्यामुळे उरलेलेही उचलले जात नाही. तेथे खत ओतले असते तर तेही त्याच वाटेने गेले असते. जोड दुरुस्त केला, तेवढ्या भागाचे पाणी तीन दिवस बंद ठेवले आणि तो भाग अंतिम वजनातून वगळला.

पानाच्या मध्यशिरेतील रसाचे नायट्रेटही या निमित्ताने पाहिले. एकाच वाफ्यातील झाडांत, आणि सकाळ-दुपारच्या वाचनांत, इतका फरक आला की त्यावरून खताचा निर्णय घेऊ नये असे माझे मत झाले. त्यात त्या दिवसाचे ऊन आणि पाणी बोलते, मातीतील शिल्लक बोलत नाही.

१० नोव्हेंबर

गड्डे बांधू लागले आहेत. वरच्या थरात वेळापत्रकाच्या पट्ट्यांत ३५, मोजणीच्या पट्ट्यांत १६ आणि कोऱ्या पट्ट्यांत ८ पीपीएम. कोरे पट्टे आता लांबूनही ओळखू येतात, त्यांची बाहेरची पाने फिकी आहेत.

मोजणीच्या पट्ट्यांसाठी सीमा २० आहे म्हणून यांत्रिकपणे ४ पीपीएमचे खत द्यावे का, यावर बराच वेळ गेला. काढणीला सोळा दिवस राहिले आहेत. दिवसाला ४ किलो धरले तर पिकाला ६४ किलो लागतील. मातीत आज ६४ किलोच आहेत, सेंद्रिय पदार्थांतून दिवसाला अर्धा ते एक किलो मोकळे होईल आणि विहिरीचे पाणी आणखी सहा-सात किलो देईल. कागदावर भागते. पण मुळे मातीतले शेवटचे नायट्रेटही खरवडून घेतील असे धरणे धाडसाचे आहे. शेवटी चारपैकी दोन पुनरावृत्तींत २० किलो दिले आणि दोन तशाच सोडल्या. यामुळे तुलना कमजोर होते, अशी हरकत नोंदवली गेली आहे आणि ती रास्त आहे. हा निर्णय हिशेबाने कमी आणि धास्तीने अधिक झाला.

२६ नोव्हेंबर

काढणी झाली. प्रत्येक पट्ट्यातून चाळीस गड्डे छाटून तोलले. सरासरी वजन वेळापत्रकाच्या पट्ट्यांत ७८२ ग्रॅम, मोजणीच्या पट्ट्यांत २० किलो जादा दिलेल्या पुनरावृत्तींत ७७६ आणि न दिलेल्यांत ७६५, तर कोऱ्या पट्ट्यांत ६५५ ग्रॅम भरले. पहिल्या तीन आकड्यांतील अंतर एकाच पट्ट्यातील गड्ड्यांच्या आपसांतल्या फरकापेक्षा लहान आहे. कोऱ्या पट्ट्यांचे वजन मात्र निश्चितपणे कमी आहे, म्हणजे बेवड चांगले असूनही खत पूर्ण टाळता आले नसते.

वेळापत्रकाच्या पट्ट्यांतील काही गड्डे कापल्यावर आतल्या कोवळ्या पानांचे काठ जळलेले दिसले. हा दोष कॅल्शियम आतल्या पानांपर्यंत न पोहोचल्याने होतो आणि भरमसाट नत्राने झालेली वेगवान वाढ त्याला हातभार लावते. पण कापलेले गड्डे थोडे होते, म्हणून एवढ्यावरून पट्ट्यांची तुलना करत नाही. पानांतील नायट्रेट आम्ही मोजले नाही, ही या प्रकल्पातील उणीव आहे. युरोपीय संघाच्या नियमाने उघड्या शेतातील आइसबर्गसाठी किलोला २,००० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घातली आहे आणि जादा नत्राबरोबर, विशेषतः उजेड कमी असताना, पानांत नायट्रेट साचते.

२ डिसेंबर

काढणीनंतरची माती: वरच्या थरात वेळापत्रकाच्या पट्ट्यांत २५ पीपीएम, मोजणीच्या पट्ट्यांत जादा हप्ता मिळालेल्या पुनरावृत्तींत ११ आणि न मिळालेल्यांत ६. खालच्या थरात वेळापत्रकाच्या पट्ट्यांत ३१. वेळापत्रकाने दिलेल्या १६० किलोंच्या जवळपास दोन तृतीयांश इतके नत्र वरच्या थरात अजून पडून आहे आणि त्यावर आज कोणतेही पीक उभे नाही. मोजणीच्या पट्ट्यांना मिळालेले एकूण खत ४४ ते ६४ किलो होते. इतकी मोठी कपात ब्रोकोलीच्या बेवडामुळे शक्य झाली; तृणधान्याच्या धसकटांवर लावलेल्या लेट्यूसमध्ये हे आकडे चालणार नाहीत, कारण ते कर्बयुक्त अवशेष कुजताना उलट मातीतले नत्र अडकवून ठेवतात.

शिवाय पिकाने उचललेल्या नत्रापैकी गड्ड्यांबरोबर साधारण निम्मेच शेताबाहेर गेले. बाकीचे बाहेरच्या पानांत आणि बुंध्यांत इथेच आहे आणि गाडल्यावर महिन्याभरात पुन्हा नायट्रेट होऊ लागेल. पुढची लागवड सहा आठवड्यांवर असल्याने हे अवशेष आताच न गाडता लागवडीच्या दोन आठवडे आधी गाडावेत आणि वेळापत्रकाच्या पट्ट्यांवर मधल्या काळात ओटची दाट पेरणी करून ते कोवळे असतानाच कापावे, असे ठरले. पुढच्या हंगामात तीनच गोष्टी बदलायच्या आहेत: रोपे धरेपर्यंतच्या पाण्यासाठी ताणमापक (मातीत ओल किती आहे हे दाखवणारे उपकरण) बसवायचा, लागवडीच्या वेळचे २० किलोही मातीत २० पीपीएम असल्यास वगळून पाहायचे, आणि खताच्या नोंदवहीत मात्रेच्या रकान्याआधी चाचणीचा रकाना आणायचा. नव्या नोंदवहीची पाने त्याप्रमाणे आखून झाली आहेत. पहिला नमुना १० जानेवारीला घ्यायचा आहे.